दत्तूअण्णांची देशोदेशीची लेकरं

निजामाचं राज्य होतं तेव्हा मानवतला आमच्या शेजारी दत्तूअण्णांचं कापडाचं दुकान होतं. आतल्या भिंतीवर देशोदेशीच्या पोरांची चित्रं चिकटवलेली, आणि प्रत्येक पोराच्या गालावर काजळाची तीट. पोर जपानी असो की विलायतेचं, नवं चित्र आलं की अण्णा आधी काजळाची डबी उघडत. "एवढी मानसं येतेत-जातेत, दृष्ट लागायला किती येळ!"

ही चित्रं हैदराबादहून येणाऱ्या परदेशी कापडाच्या ठाणांवर चिकटवलेली असत. गिऱ्हाईक धोतरासाठी ताटकळलेलं आणि अण्णा ओल्या फडक्यानं कागद सोडवण्यात गुंग. कुणी घाई केली की म्हणत, "जरा गौर करा मालक, लेकरू हाय ते. फाटंल."

मी कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. सुटलो की तिथं टेकायचो. मग पोरांची हकिगत ऐकणं आलंच. टबात बसवलेल्या गोऱ्या पोराकडे बघून अण्णा हळहळत, "धुनं भिजवल्यावानी भिजवलंय बगा. सर्दी हुईल की!" लाकडी जोडे घातलेली एक पोरगी होती. "तिकडं काटे लय दिसतेत." छत्री घेऊन निघालेल्या जपानी मुलीच्या आईवर तर त्यांचा भारी राग. "एकटी कुठं जायलीय ही? माय झोपा काढायलीय काय?"

मी म्हटलं, "अण्णा, आई कागदात मावली नसेल." त्यावर बरेच दिवस अबोला.

गाव हसायचं, मीही हसायचो. एकटा माणूस, काहीतरी विरंगुळा हवाच, एवढंच वाटायचं.

एकदा दिवाळीच्या आधी दुकानाच्या फळ्या रंगवायला चितारी आला. पोपट झाले, वेली झाल्या. मग अण्णांनी त्याला आत नेलं आणि चित्रांच्या मधली रिकामी जागा दाखवली. "हितं माझी लेक काढ. तीन वर्साची व्हती."

मी चाट पडलो. अण्णांची बायको आणि लेक एकाच साथीत गेल्या, हे मला तेव्हा कळलं.

चिताऱ्यानं विचारलं, "सूरत कैसी थी, अण्णा? नाक, आँखां?"

अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, "वडील बसलेले असायचे ना. त्यांच्यादेखत आपलं लेकरू उचलायचं न्हाई, निरखायचं न्हाई, आमच्या घरची चाल. म्या खाली मान घालून जेवायचो, दुकानात यायचो. म्हनलं, मोठी झाल्यावर बगू."

चितारी कुंचला धरून तसाच उभा.

अण्णांनी भिंतीवर हात ठेवला. "पाठमोरी काढ. आज्याच्या खांद्यावर बसून मारुतीला जायची. तवा वडलांचीबी पाठ असायची माझ्याकडं. तेवढी म्या डोळे भरून बगितली."