कडी बाहेरून लाव

"कडी बाहेरून लाव. आणि मी काहीही म्हणालो तरी उघडू नकोस," असं बायकोला बजावून समाधीसर सतरंजी काखोटीला मारून अडगळीच्या खोलीत शिरले.

विद्यापीठात सगळे त्यांना समाधीसरच म्हणत. जगातल्या झाडून सगळ्या धर्मांतले साक्षात्कार त्यांना तोंडपाठ होते. वाळवंटातले वैरागी, गुहेतले भिक्षू, स्वतःभोवती गरगर फिरणारे फकीर, कोणाला कुठल्या पायरीवर काय दिसलं ते सर झोपेतही सांगत. फक्त त्यांना स्वतःला कधी काही दिसलं नव्हतं. दरवर्षी वर्गात कोणीतरी भाबडेपणाने विचारायचंच, "सर, तुम्हाला आलाय का कधी अनुभव?" सर हसून फळ्याकडे वळायचे आणि त्या दिवशी घरी नीट जेवायचे नाहीत. जन्मभर दुसऱ्यांच्या पंगतीत वाढपी म्हणून राबलेल्या माणसाला शेवटी भूक लागतेच. निवृत्ती तोंडावर आली होती. एकदाच, क्षणभर का होईना, तो साक्षात्कार आपल्याला व्हावा, या एका गोष्टीसाठी त्यांचा जीव तुटत होता.

"काहीही म्हणालात तरी?" बायकोने खात्री करून घेतली.

"रडलो, ओरडलो तरी. सगळ्या परंपरा हेच सांगतात. साधक उठायला बघतो तो शेवटचा मोह. तिथे टिकला तो तरला."

कडी जुनी होती, नीट बसेना. बायकोने बत्ता आणून ती ठोकून बसवली.

थोड्याच वेळात आतून आवाज आला. "अगं, उघड."

"मोह झाला का?"

"मोह नाही, झुरळ आहे. सदऱ्यात शिरलंय."

"तुमच्या त्या तपस्व्याच्या अंगावर तर मुंग्यांनी वारूळ केलं होतं म्हणे."

"त्याचा संप्रदाय वेगळा. तू उघड."

"नाही हो. टिकायचं म्हणालात ना?"

सरांनी विनवण्या केल्या, हुकूम सोडले. ज्याने आज्ञा दिली त्यानेच ती मागे घेतली तर पाळणाऱ्यावर बंधन राहत नाही, हे त्यांनी दाराआडून साधार सिद्ध केलं. "मोह भलताच शिकलेला दिसतोय तुमचा," बायको म्हणाली. दार धडाधड वाजायला लागलं तेव्हा शेजारीण डोकावली. "काही नाही, ह्यांना मोक्ष मिळतोय," असं ऐकल्यावर ती लांबूनच हात जोडून परत गेली.

शेवटी सरांचा तोल सुटला. "तुझा भाऊ ठोंब्या आणि तूही त्याच माळेतली."

बायको थबकली. हे मात्र घरचं, रोजचं होतं. यात मोहाचा काही हात नव्हता. तिने घाईघाईने कडी ओढली, तर मूठ निघून हातात आली आणि कडी जिथल्या तिथे. सुताराला फोन लावला. हातातलं काम उरकून येतो, म्हणाला. सुताराचं 'येतो' म्हणजे काय ते सांगायला नको.

"आता काय?" सरांनी विचारलं.

"आता काय, बसा," म्हणत ती दाराला पाठ टेकून बसली. पलीकडून सरही टेकले.

बसल्या बसल्या ती बोलायला लागली. एरवी या घरात 'ह्यांचं वाचन चाललंय' म्हणून भांडीसुद्धा जपून घासली जायची. आज मध्ये दार होतं, कपाळावरच्या आठ्या दिसत नव्हत्या.

"लेक शिकायला परगावी गेली ना, त्या दुपारी मी बसमध्ये बसले ती शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे एक तळं आहे. माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

"परत येऊन सांगणार होते. पण तुम्ही वाचत होतात. नंतर पुष्कळदा गेले मी. दर वेळी वाटायचं, ह्यांना घेऊन यायला हवं होतं."

सरांनी मान वळवून दाराला कान लावला. मग म्हणाले, "पुढे?"

ती तळ्याचं, तिथे भेटणाऱ्या एका म्हाताऱ्याचं सांगत गेली, सर 'पुढे?' विचारत राहिले. झुरळ कधी गेलं, पायाला मुंग्या कधी आल्या, आपण इथे कशासाठी येऊन बसलो होतो, कशाचंही भान त्यांना उरलं नाही. दुसऱ्या कोणाच्या हकिगतीत असं वाचलं असतं तर सरांनी महत्त्वाचं म्हणून त्याखाली लाल रेघ मारली असती. पण आत्ता ते तळ्याकाठी होते.

सुतार आला. बिजागऱ्या काढून त्याने दार बाजूला ठेवलं. सर डोळे चोळत बाहेर आले.

"आला का हो अनुभव?" बायकोने हळूच विचारलं.

"कुठला आलाय," सर खिन्नपणे म्हणाले. "तुझं ऐकत बसलो, ध्यान राहूनच गेलं." आणि लगेच, "बरं, तो तळ्यावरचा म्हातारा काय म्हणाला मग?"

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "राहू द्या. असे समोर असलात की नाही सांगता येत मला."

सरांनी बाजूला ठेवलेल्या दाराकडे पाहिलं. मग सुताराकडे वळले.

"दार परत बसवता का? लगेच?"

"साहेब, कडी बिघडलेलीच आहे अजून. पुन्हा अडकाल."

"चालेल," म्हणत सर आत जाऊन बसले.