अर्धा पासवर्ड चेअरमनचा

सहकारात कोणतीही गोष्ट एकट्याच्या खिशात ठेवायची नसते, हे तत्त्व श्री काळभैरव गूळ विक्री संघानं कसोशीनं पाळलं होतं. संघाच्या तिजोरीला दोन किल्ल्या होत्या. एक चेअरमन दादासोंकडं, दुसरी विरोधी गटाचे व्हाईस चेअरमन हंबीरराव यांच्याकडं. त्यामुळं तिजोरी सहसा उघडत नसे आणि म्हणूनच ती सुरक्षित होती. २००४ साली संघानं धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर घेतलं. त्याला संघाचा ईमेल जोडायला पासवर्ड लागतो असं कळल्यावर संचालक मंडळानं एकमतानं ठराव केला: पासवर्डचे दोन अर्धे करून ते उभयतांच्या ताब्यात द्यावेत.

अंमलबजावणी मॅनेजर जोतीरामच्या गळ्यात पडली. जोतीराम संघाचा जुना नोकर, शिवाय सभासदही. त्याच्या स्वतःच्या उसाचा गूळ संघाच्याच गोदामात होता.

ठरल्या दिवशी दादासोंनी आपला अर्धा टाकला, तेव्हा हंबीररावांनी भिंतीकडं तोंड केलं. हंबीररावांनी टाकला, तेव्हा दादासोंनी. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसती टिंबं उमटली. दादासोंनी ती बोट लावून मोजली.

"यांची टिंबं दोन जास्त कशी?"

"साहेब, त्यांचा शब्द जरा लांब असेल," जोतीराम म्हणाला.

"सत्ता आमची आन् टिंबं त्यांची जास्त? गटात काय तोंड दाखवू?"

शेवटी दादासोंनी आपल्या अर्ध्याला दोन एकडे जोडले, तेही मोठ्यांदा म्हणत. मग ईमेल जोडला गेला. उरलेला भाग तरी कुणापासून लपला होता? संघाच्या निवडणुकीत दादासोंच्या पॅनेलचं चिन्ह छत्री आणि हंबीररावांच्या पॅनेलचं कपबशी. दुसरा कुठला शब्द टाकणं ही दोघांच्याही लेखी गद्दारीच झाली असती.

उन्हाळ्यात विजेनं दगा दिला आणि कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्त होऊन आला तेव्हा सॉफ्टवेअर ईमेलची ओळख विसरलं होतं आणि पुन्हा पासवर्ड मागत होतं. त्याच आठवड्यात दुबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. ऑर्डर ईमेलवर पाठवली आहे, शनिवारपर्यंत उत्तर आलं नाही तर माल दुसरीकडून घेतो, म्हणाला. इकडं गोदामात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उकाड्यानं पाघळायला लागले होते.

दादासो नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. जोतीरामनं फोन लावला.

"साहेब, तुमचा अर्धा लागतोय."

"फोनवर सांगू व्हय? शेजारी कोण बसलंय तुझ्या?"

"ऑपरेटर संघप्रिया मॅडम."

"मग न्हाय. आन् आधी हंबीररावाला बोलीव. त्यो आला की म्या निघतो."

हंबीरराव मुरगूडला पाहुण्यांकडं होते. "चेअरमन खुर्चीत बसला की फोन कर," ते म्हणाले. "आधी येऊन त्याची वाट बघत बसायला म्या काय शिपाई हाय?"

शनिवार उजाडला. दोघंही जागचे हलले नाहीत.

"साहेब, पासवर्ड अख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे," संघप्रिया म्हणाली. "टाकू का?"

"ठाऊक हाय की. पर ठाऊक असल्याचा ठराव कुठं हाय?"

"गुळाला ठराव कळत नाही, साहेब. खाली जाऊन बघा, मुंग्या लागल्यात."

जोतीराम खाली गेला. पहिल्याच रांगेत त्याचा स्वतःचा माल होता. बोट लावलं तर बोट चिकटलं. वर येऊन त्यानं संघप्रियाला जेवायला पाठवलं. "कुणी इचारलं तर तुम्ही हितं नव्हता," एवढं बजावून तो कॉम्प्युटरपुढं बसला. चेअरमनचा अर्धा टाकला. मग नियम तो नियम म्हणून उठून क्षणभर भिंतीकडं तोंड केलं, आणि परत येऊन हंबीररावांचा टाकला. ईमेल जोडला गेला. दुबईला उत्तर गेलं, पाठोपाठ गूळही गेला आणि दर असा मिळाला की संघाच्या जन्मात मिळाला नव्हता.

वार्षिक सर्वसाधारण सभेला मांडव भरून गेला. सहावा विषय, सभासदांना गुळाचा जादा दर देणे. "मंजूर, मंजूर!" सातवा विषय पुकारला तेव्हा मांडवाच्या कडेला जिलेबीच्या पराती आल्या होत्या आणि माना तिकडं वळल्या होत्या. पासवर्डचे दोन्ही अर्धे अनधिकृतपणे ठाऊक असल्याबद्दल मॅनेजरना कामावरून कमी करणे. सूचक दादासो, अनुमोदक हंबीरराव. संघाच्या इतिहासात दोघांचं प्रथमच एकमत झालं.

"मंजूर, मंजूर!"

मागच्या रांगेत बसलेल्या जोतीरामचा हातही सवयीनं वर गेला होता. आपण कशाला हात वर केला हे त्याला शेजारच्यानं जिलेबीचा कागद हातात देताना कळलं.

"पावणं," शेजारी बोटं चाटत म्हणाला, "सातवा इषय कशाचा हुता वो?"

हसू नका. तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत तुम्हीही हात वर केला होता. सातवा विषय कशाचा होता, सांगा बघू.