डॉक्टर बगळ्यांचा गुण

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, लगेच सहल काढाल, भुरकी नावाची एक सांबरीण राहत होती. तर बाळांनो, पाय पोटाशी घेऊन बसा. गोष्ट पायाचीच आहे.

भुरकीचा मागचा डावा पाय ठणकत होता. तुम्ही लंगडलात तर शाळा बुडते. सांबर लंगडलं तर कळपाच्या मागे राहतं, आणि जे मागे राहतं त्याला आबासाहेब वाघ खातात. ते रोज संध्याकाळी पाणवठ्यावर येत. कळपात पहिल्या पाचांत पळणारी भुरकी चार दिवसांत शेवटची झाली होती.

तिच्या पाठीवरचे गोचीड टिपणारी साळुंकी मावशी म्हणाली, "पाय उचल गं, बघते."

"मावशी, तू शिकलीस कुठं?"

मावशी पुन्हा गोचीड टिपू लागली. ती शिकली नव्हती. तिला नुसतं दिसायचं.

जंगलात नुकतेच पायाचे खास डॉक्टर आले होते, डॉक्टर बगळे. दिवसभर एका पायावर उभे असत, म्हणून पायातलं त्यांना फार कळतं अशी सगळ्यांची खात्री. त्यांची एक शिस्त होती. रिपोर्ट आल्याशिवाय पायाकडे बघायचं नाही. बघितलं की मत बनतं, आणि मत बनलं की तपासण्या राहून जातात.

भुरकीने सांगितलं, कळ पार मांडीपर्यंत जाते.

"घोट्याच्या वर माझं काम नाही," डॉक्टर म्हणाले. "कळेला खाली यायला सांगा."

मग त्यांनी रक्तातली साखर तपासायला लावली. युरिक ॲसिड तपासायला लावलं. बुरशी आहे का बघायला खुराचा कपचा पाठवला. घुबडाकडून एक्स-रे काढवला. तोवर सुजेची गोळी सकाळ-संध्याकाळ, बुरशीचं मलम दुपारी, आणि कशालाही असावी म्हणून अँटिबायोटिक.

साखर बरी निघाली. बुरशी नव्हती. एक्स-रेत मात्र खुरात एक काळी रेघ दिसली. डॉक्टरांनी ती उजेडात धरली, पुसून पाहिली आणि म्हणाले, घुबडाच्या यंत्रात बिघाड आहे, परत काढा. परत काढला. रेघ तिथंच. तिसऱ्यांदा लिहून दिला.

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर आबासाहेबांचा पंजा भुरकीच्या शेपटीला पुसटसा लागून गेला. ती घरी आली आणि तिने मावशीपुढे पाय केला. मावशीने चोच घातली आणि बाभळीचा बोटभर काटा ओढून काढला. तोंडातला घास गिळायला लागतो, तेवढाही वेळ लागला नाही.

चार दिवसांनी जखम भरली. भुरकी मावशीला पाठीवर घेऊन निघाली, डॉक्टरांना चार शब्द सुनावायला. पाहते तर रांगेत आबासाहेब बसलेले. पंजा वर धरून. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत कुणी कुणाला खायचं नाही, असा नियम होता, म्हणून ती थांबली.

"काय गं, याच्या हाताला गुण आहे का?" आबासाहेबांनी कण्हत विचारलं. "चार दिवसांपूर्वी तुझी शेपटी हुकली, तेव्हापासून पाऊल टेकवत नाही. साळिंदराशी जरा बोलाचाली झाली होती."

त्यांच्या तळव्यातून साळिंदराचा काटा अर्धा बाहेर आला होता. रांगेच्या टोकावरून दिसत होता.

मावशीने चोच उघडली. भुरकीने कान असा झटकला, की ती लगेच मिटली.

"आबासाहेब," भुरकी अदबीने म्हणाली, "गेल्या आठवड्यात मला पाय टेकवत नव्हता. आता बघा." आणि चारही पायांवर दोनदा उडी मारून ती म्हणाली, "फक्त एक करा. एकही तपासणी चुकवू नका."

आबासाहेब अजून चुकवत नाहीत. परवा त्यांचा सहावा एक्स-रे झाला. त्यातही एक रेघ दिसते म्हणतात. पाणवठ्यावर सांबरं आता पोटभर पाणी पितात, आणि डॉक्टर बगळ्यांना येताजाता नमस्कार करतात.

तात्पर्य: वाईट डॉक्टर असा कुणी नसतोच. फक्त आपण त्याच्याकडे जायचं नसतं, शत्रूला पाठवायचं असतं. आणि हो, आधी तळवा उचलून बघितला तरी चालतं. पण हे इतक्यात वाघाला सांगू नका.