जोडीचा गडी

गुलाबदादा बैलांना अहो म्हणायचे आणि माणसांना अरे. एकदा मंगरूळपीरहून तहसीलदार आले, चावडीत खुर्चीवर बसले, तर दादांनी विचारलं, "कारे, पानी पेतं का?" आणि बाहेर येऊन बैलाला म्हणाले, "चला सर्जेराव, उशीर होऊन राह्यला." कोणी हटकलं की उत्तर ठरलेलं, "तहसीलदार माह्यं वावर वाहते का?"

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण कोणाचं शिकवणं ऐकून घेत नाही. आजही नाही. दादा मात्र शेजारी, वयानं मोठे, आणि आमच्या शेलूबाजारकडे गोऱ्हे शिकवावेत तर त्यांनीच. म्हणून माझ्या दिगूच्या बाबतीत त्यांचं ऐकलं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. दिगू नऊ वर्षांचा. हुतूतू खेळायला हौसेनं जायचा, पण बाद झाला की तिथंच लोळण घ्यायचा, धरणाऱ्याला चावायचा आणि रडत घरी पळायचा. शेवटी पोरं म्हणाली, "याले घ्याचं नाई." मग तो दाराआड बसून नुसता त्यांचा गलका ऐकायचा. आमच्या घरचं पोरगं डाव टाकून पळतं, हे मला सहन होईना. एक दिवस दंड धरून मी त्याला मैदानाकडे ओढत निघालो. दादा आडवे आले.

"काहून ओढतं रे? गोऱ्ह्याले पयल्याच दिवशी नांगराले जुपतं का तू?"

"मंग काय करू?"

"आधी शांत बैलाच्या जोडीले नुसतं हिंडवा लागते. सोड त्याले."

त्या संध्याकाळी साठीचे दादा धोतराचा काचा मारून मैदानात उतरले. "आमी दोघं मिळून एक गडी. एक बाद, तं दोघंबी बाद." पोरं हसून बेजार झाली, पण कबूल झाली. दिगूचा हात धरून दादा चढाई करायचे, दोन पावलांत त्यांचा दम जायचा आणि पोरं दोघांनाही आडवं करायची. दिगूचा ओठ थरथरला की दादा रेषेबाहेर फतकल मारून बसत.

"बसा दिगंबरराव, थकले असान. आता बाकीचे आपल्यासाठी कसे लढून राह्यले ते पाहा."

तरी तो रडायचाच. "रडा," दादा म्हणायचे, "पन इथंच बसून रडा. पळाचं नाई."

ज्वारी निघाली त्या सुमाराला एकदा दिगूनं हात सोडवून घेतला आणि एकटाच चढाईला गेला. लगेच धरला गेला. डोळे भरले, मुठी वळल्या. मी रेषेशी उभा. तो आला, दादांजवळ बसला, नाक पुसलं आणि आपल्या बाजूच्या पोराला ओरडून म्हणाला, "किसन्या, त्याची तंगडी धर."

मी म्हणालो, "दादा, झालं काम. आता पोरांत कायले येता?" दादा नुसते "हो" म्हणाले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकरू नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पाहतो तर दादा बाभळीखाली उभे, पागोटं नीट बांधून, जसे काही वाटेत थांबलेत. पोरांनी दोन बाजू वाटून घेतल्या. दादांकडे कोणी पाहिलंच नाही.

"माह्या जोडीचा गडी राह्यला," दिगू म्हणाला.

"तू तं आता एकटा खेळतं," किसन्या म्हणाला. "तुले कायले पायजे बुढा?"

"मले पायजे." दिगू दादांकडे वळला. "आबाजी, या."

दादांनी पागोटं उतरवून माझ्या हातात दिलं. "धर रे," म्हणाले, आणि मान खाली घालून काचा मारायला लागले. धोतराचं टोक काही केल्या त्यांना खोचता येईना.