वरच्या वाडीच्या मुंग्या, खालच्या वाडीच्या मुंग्या

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, की तुम्ही मुंगी आहात. पिवळी, लांब पायांची. रोपवाटिकेतल्या कलमाच्या कुंडीत बसून तुम्ही पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी आलात. तिथल्या जुन्या काळ्या मुंग्यांचा रिवाज असा, की शेजारच्या बिळातली मुंगी भेटली की तिचा वास घ्यायचा, आणि तो निराळा लागला की तिचा पाय तोडायचा. तुम्ही मात्र मूठभर पाहुण्यांचीच सगळी लेकरं. वास एकच, मग भांडणार कोणाशी? तुम्ही गुण्यागोविंदाने वाढलात आणि गाव व्यापलंत.

वरच्या वाडीतल्या छोट्या देवश्रीच्या कोंबडीची मागची सगळी पिल्लं कवचातून चोच बाहेर काढतानाच मुंग्यांनी संपवली होती. आता कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसली होती.

सरकारच्या मुंगी निवारण कक्षाकडे औषध होतं. अट साधी होती. साऱ्या गावाने एकाच अर्जावर सह्या करायच्या आणि एकाच दिवशी औषध टाकायचं. पण शिमग्याची पालखी आधी कोणत्या वाडीत न्यायची, यावरून दोन्ही वाड्यांचं बोलणं बंद होतं.

"त्यांच्या कागदावर आमची सही? नाय जमायचं," वरच्या वाडीचे भागोजी म्हणाले. "आमच्या मुंग्या येगळ्या हायत."

"येगळ्याच!" खालच्या वाडीच्या बनुबाई ओढ्यापलीकडून ओरडल्या. "आमच्या घरंदाज हायत. तुमच्या मेल्या चोरट्या!"

कक्षाने दोन्ही म्हणण्यांची गंभीर दखल घेतली. मुंग्या वेगळ्या असल्यास अर्जही वेगळे चालतील, मात्र पुरावा हवा. दोन्ही वाड्यांतल्या आणि तुलनेसाठी महाडजवळच्या सव गावातल्या मुंग्या डब्यांत भरून तपासणीला गेल्या.

निकाल सांगायला कक्षाचे गंगाधर साहेब स्वतः आले. देवळासमोर त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. साहेबांना मुंग्या चावू नयेत म्हणून शिपायाने खुर्चीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते.

"आनुवंशिक विविधता आढळून येत नाही," साहेबांनी वाचलं. "तिन्ही ठिकाणच्या मुंग्या एकाच घराण्यातल्या. एका बशीत सोडल्या तरी भांडत नाहीत."

"म्हंजे आमचं नि त्यांचं कूळ एक?" भागोजी उसळले.

"तुमचं नाही हो, मुंग्यांचं."

"तेच ते! वाडीचा अपमान हाय ह्यो."

"परत तपासा सायेब," बनुबाई म्हणाल्या. "आमच्याच डब्यात कायतरी भेसळ झाली आसंल."

कित्येक महिन्यांनी दोन्ही वाड्यांचं एकमत झालं. अहवाल खोटा.

"शिवाय," साहेबांनी शांतपणे पान उलटलं, "एका घराण्याला औषधाचा लाभ एकदाच मिळतो. तो सवच्या शाखेने घेतलेला आहे."

देवश्री कोंबडीची टोपली छातीशी धरून पुढे आली. "सायेब, आज पिल्लं भायेर येतायत. औषध द्या ना."

"बाळ, प्रकरण फेरतपासणीत आहे. पिल्लांना थोडं थांबायला सांग."

तुम्ही हसताय. पण खरं सांगा, इतका वेळ तुम्हीही मनात हेच ठरवत होतात ना, की चूक कोणत्या वाडीची?

फेरतपासणीच्या अर्जावर कोणत्या वाडीने आधी सही करायची यावरून पुन्हा जुंपली. सोडवायला साहेब उठून गर्दीत शिरले. देवश्रीने टोपली उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवली, आणि चारही वाट्यांत आणखी पाणी ओतलं.