गणपतराव बोलले नि विकेट पडली

नवी वस्तू आणावी कशी आणि जुनी काढावी कशी, हे माझ्याकडून शिकावं! मागच्या हिवाळ्यात माझे सासरे, रुपरावजी, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी भिवापूरहून नागपूरला आमच्याकडे यायचे होते. त्यांना रेडिओचं वेड. म्हणून मी त्यांच्यासाठी कोरा स्मार्टफोन घेतला, त्यात रेडिओचं ॲप टाकलं आणि बायकोला म्हणालो, "बघ अपेक्षा, आता खरखर नाही की अँटेना फिरवणं नाही. बाबा जगातलं कोणतंही स्टेशन ऐकतील."

"आणि तो कपाटावरचा ट्रान्झिस्टर?"

"आहे की," मी म्हणालो. खोटं नव्हतं. होताच तो, फक्त भिंतीपलीकडे, शेजारच्या गणपतरावांकडे. त्याचा स्पीकर गेलेला, कानात वायर घातली तरच बोलायचा. अडगळ गेली म्हणून मी खूश होतो. देऊन झाल्यावर आठवलं, की अठरा वर्षांपूर्वी आमच्या लग्नात तो रुपरावजींनीच दिला होता. शिवाय, पाहुणे परातीवर नाव घालून आणतात तसं भांडेवाल्याच्या मशीनवर ट्रान्झिस्टरच्या पाठीवर कोरून घेतलं होतं, 'जावई रविंद्र यांस रुपराव यांजकडून सप्रेम भेट.' म्हटलं, कोण विचारतंय आता?

रविवारी सासरे आले. मोतीबिंदू इतका पिकलेला की फाटकातून आत शिरताच त्यांनी तुळशीच्या कुंडीला विचारलं, "कशी आहेस वं अपेक्षा?" अपेक्षा त्यांच्या मागे पिशवी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. मागच्याच महिन्यात शेतातल्या विहिरीच्या काठावरून त्यांचा पाय सुटता सुटता राहिला होता. तरी हा गृहस्थ ऑपरेशनच्या तारखेला दोनदा पळालेला. येत्या गुरुवारची तारीख तिसरी. ही हुकली की मिरचीच्या तोडणीला ते जे भिवापूर गाठणार, ते होळीपर्यंत हाती लागणार नव्हते.

त्याच दिवशी कसोटी सामना सुरू झाला. सासरे अंगणात उन्हाला बसले, फोन स्टुलावर, कॉमेंटरी स्वच्छ. मी कौतुकाची वाट पाहत शेजारी. भिंतीपलीकडे गणपतराव शाल पांघरून, कानटोपी ओढून, डोळे मिटून बसलेले.

"गेला बापा," ते एकदम म्हणाले.

मिनिटभरानं आमच्या फोनमधला माणूस ओरडला, त्रिफळा उडाला!

सासऱ्यांनी मान वळवली. थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला, "चौका." मिनिटभरानं आमच्याकडे चौका. लंचमध्ये गणपतरावांनी एक जुनं गाणं गुणगुणायला घेतलं, आणि ते दुसऱ्या ओळीवर पोचतात तोवर आमच्या फोनवर तेच गाणं लागलं.

"जावईबापू," सासरे हळूच म्हणाले, "हा माणूस साधा नाही. तो बोलते, मंग होते."

"अंदाज असतात हो, बाबा."

"अंदाज एक निघते, दोन निघते. दिवसभर निघते काय?"

सोमवारी ते गणपतरावांना हात जोडून बसले होते. मंगळवारी त्यांच्यासाठी अपेक्षाकडून चहा गेला, संत्री गेली, आणि भिवापूरहून आणलेली आमची वर्षभराची लाल मिरची अर्धी गेली. बुधवारी सकाळी पाहतो तर सासऱ्यांनी पिशवी भरलेली.

"काय करून राहिले तुम्ही, बाबा?" अपेक्षा म्हणाली.

"मी काल विचारलं त्यायले, ऑपरेशन करू का म्हणून. त्यायनं सांगितलं, गुरुवार टाळा. मी चाललो."

अपेक्षा माझ्याकडे वळली. तिचा तसा चेहरा मी अठरा वर्षांत दोनदाच पाहिला आहे, आणि दोन्ही वेळा मी बाहेरच जेवलो. "जा नं, विचारा त्यांना, काहून असं सांगितलं म्हणून."

मी तरातरा गेलो. गणपतराव डोळे मिटून बसलेलेच होते. जवळ गेलो तेव्हा दिसली कानटोपीतून निघून शालीत शिरलेली वायर! डोक्यात लख्ख उजेड पडला. इंटरनेटवरून फिरून येणारा आमचा आवाज मिनिटभर उशिरा पोचत होता, आणि यांचा थेट हवेतून. माझा हजारो रुपयांचा फोन त्या स्पीकर गेलेल्या डबड्याच्या मागे धावत होता. आणि कानटोपीतली वायर दिसायला सासऱ्यांना डोळे कुठे होते?

"आणा तो इकडं, बाबांना दाखवतो," म्हणत मी शालीत हात घातला. ट्रान्झिस्टर बाहेर आला तो नेमका पालथा. 'सप्रेम भेट' माझ्याकडे बघत होती. मी तो पुन्हा शालीत सारला.

"गणपतराव, गुरुवार काहून टाळायला सांगितला?"

त्यांनी मान खाली घातली. "रविंद्रभाऊ, गुरुवारी मॅचचा शेवटचा दिवस आहे नं. ते दवाखान्यात गेले तर मी सांगू कोणाले? रिटायर झाल्यापासून घरात माझं कोणी ऐकत नाही. हा माणूस तीन दिवसांपासून माझ्या तोंडाकडे पाहून राहिला."

मला खरंच वाईट वाटलं. पण गुरुवार तोंडावर होता. "मग तुम्हीच चला दवाखान्यात," मी म्हणालो. "ट्रान्झिस्टर घेऊन. पण शालीतून बाहेर काढायचा नाही."

दुपारी त्यांनी भिंतीवरून जाहीर केलं, "रुपरावजी, योग पालटला. मी सोबत असलो तर गुरुवार चालते." सासऱ्यांनी पिशवी रिकामी केली.

धंतोलीतल्या दवाखान्यात मात्र नर्स न्यायला आली तसा सासऱ्यांनी बाक घट्ट धरला. ते बाकावरून उठेनात. अपेक्षा त्यांचा हात धरून रडवेली झालेली. मी नवा फोन लावून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि गणपतरावांकडे पाहिलं. गणपतरावांनी डोळे मिटले. आम्ही थांबलो. नर्स घड्याळ पाहू लागली. एक षटक गेलं, दुसरं गेलं. मी आयुष्यात पहिल्यांदाच मनापासून प्रार्थना केली, ती एका फलंदाजाच्या वाइटासाठी.

"गेला," गणपतराव शांतपणे म्हणाले. "तुमचा फोनही 'आउट' म्हणाला की समजा, नजर आली."

सासरे कान लावून बसले. पूर्ण एक मिनिट. फोन ओरडला, आउट! सासरे ताडकन उठले आणि नर्सच्या पुढे चालू लागले.

ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, आणि घरी येताच सासऱ्यांनी आधी तुळशीकडे पाहिलं, मग अपेक्षाकडे. अपेक्षा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही नाक पुसलं. मग ते भिंतीशी गेले, बराच वेळ पलीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "गणपतराव, कानातून वायर कायची निघाली हो?"

पुढचं फार सांगत नाही. पाठीवरची अक्षरं त्यांनी नव्या डोळ्यानं मोठ्यानं वाचली, अपेक्षाच्या देखत.  मग तो ट्रान्झिस्टर पुसला, कुंकू लावलं आणि दुसऱ्यांदा माझ्या हातात दिला. गणपतरावांना मिरचीच्या तोडणीला भिवापूरला यायचं आमंत्रण मिळालं. मला मिळालं नाही.

फोन घेऊन सासरे गावी गेले. हल्ली मॅच असली की अपेक्षा मला वायर कानात घालून अंगणात बसवते. विकेट पडते. मी गप्प राहतो. मिनिटभरानं भिवापूरहून फोन येतो, "जावईबापू, गेला!"

"काय सांगता, बाबा!" मी म्हणतो. अपेक्षा खिडकीतून बघत असते, मी नीट चकित होतो की नाही ते.