ठिगळाचा संदर्भ

कोणतंही विधान नुसतं खरं असून भागत नाही. ते आधी कोणीतरी केलेलं असावं लागतं. या तत्त्वावर समस्त संशोधन उभं आहे. (विभागाची इमारत खांबांवर उभी आहे, पण तिला तडे गेलेत.)

शिंपीणबाईंच्या लेकीने कपड्यांच्या दुरुस्तीवर शोधनिबंध लिहिला. विषय घरचाच. "आई, तुझं नाव छापून आणते बघ," असं तिने कबूल केलं होतं, आणि आईने "कशाला गं!" म्हणत शेजारणीला सांगूनही टाकलं होतं.

सातव्या पानावर वाक्य होतं: 'ठिगळाचं कापड आधी धुऊन आटवून घ्यावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते जुन्या कपड्याला ओढतं.' मार्गदर्शक सरांनी त्याभोवती लाल गोल काढला.

"हे कोण म्हणतं?"

"आई म्हणते, सर."

"कोणत्या साली?"

"रोजच म्हणते."

सर हळहळले. आईला प्रकाशक नव्हता, आवृत्ती नव्हती, पृष्ठक्रमांक तर मुळीच नव्हता.

"मग तिची मुलाखत घेऊ?"

"नात्यातली माणसं ग्राह्य नाहीत. शुक्रवारपर्यंत छापील संदर्भ आणा, नाहीतर निबंध परत."

लेक ग्रंथालयात ठाण मांडून बसली. ते वाक्य एकोणीस निबंधांत सापडलं. प्रत्येकाने आपल्या आधीच्याकडे बोट दाखवलेलं. बोटं धरत धरत ती तळाच्या निबंधाशी पोचली. त्यावर नाव सरांचं, विद्यार्थिदशेतलं. खाली संदर्भ काहीच नाही. (तेव्हा नियम नव्हते, प्रामाणिकपणावर भागत असे.)

घरी तिने आईला त्या निबंधातला सरांचा तरुणपणीचा फोटो दाखवला. आईने मशीन थांबवलं.

"अगं, हा तर वहीवाला! पँटच्या गुडघ्याला ठिगळ लावायला आला होता. दोन तास स्टुलावर बसून मी म्हणेन ते उतरवून घेत होता. मला वाटलं, धंदा शिकतोय बिचारा."

शुक्रवारी लेकीने वाक्यापुढे कंसात सरांचं नाव आणि साल घातलं. सरांनी ते दोनदा वाचलं.

"आता कसं भक्कम झालं!"

निबंध मंजूर झाला. एकसष्ट संदर्भ, आई एकातही नाही.

छापील प्रत आईने चष्मा लावून उलटसुलट पाहिली. "माझं नाव कुठंय गं?"

लेकीने सातव्या पानावर, सरांच्या नावावर बोट ठेवलं. "इथं. याच्या खाली."

आईने त्या नावावरून अंगठा फिरवला. "छान बसलंय गं ठिगळ," ती म्हणाली. "बाहेरून कळतसुद्धा नाही."

असो. कापड आधी आटवून घ्यायची युक्ती तुम्ही आता कोणाला तरी सांगणारच. कुठून कळली, असं कोणी विचारलंच, तर तुमचं उत्तरही तयार आहे: "कुठेतरी वाचलं होतं." (फारच खोदून विचारलं, तर "मलाच सुचलं.")